नांगराची निशाणी आणि दहा बोटांचे ठसे

मराठी मुलखातील जुन्या महजरांच्या, म्हणजे वतनाच्या किंवा शिवेच्या तंट्यात गोतसभेने दिलेल्या निवाडापत्रांच्या, अखेरीस साक्षीदारांची जी नावे येतात त्यांच्यापुढे अक्षरांपेक्षा चित्रेच अधिक आढळतात. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो आणि त्याशेजारी ‘निशाणी नांगर’ असे शब्द असतात. सुतार, लोहार, चांभार यांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या धंद्यातील अवजार असते. ही निशाणी म्हणजे आजच्या अर्थाने ओळखीचा पुरावा नव्हे, कारण नांगराचे चित्र कोणालाही काढता येईल. तिच्यामागचे बळ होते ते भोवती बसलेल्या माणसांचे, जी निशाणी करणाऱ्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या शेताच्या बांधाला ओळखत होती. निशाणी ‘केली’ जात असे, ठसा मात्र ‘घेतला’ जातो, आणि मराठीतील या दोन क्रियापदांमधले अंतर हेच माणसाच्या नोंदीच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

यावरून इंग्रजपूर्व राजवटींना माणसांची नोंद ठेवण्याची गरज भासत नव्हती असे समजणे चुकीचे ठरेल. मोगल लष्करात अकबराच्या काळी रूढ झालेल्या ‘दाग व चेहरा’ या पद्धतीत घोड्याला डाग दिला जाई आणि स्वाराचे वर्णन, म्हणजे वर्ण, बांधा, अंगावरील तीळ आणि जखमांचे वण, कागदावर उतरवले जाई, जेणेकरून हजेरीच्या दिवशी उसनी माणसे व उसने घोडे उभे करून सरदाराने पगार लाटू नये. मराठी दफ्तरातील ‘चेहरेपट’ हा शब्द त्याच परंपरेतला असून ‘चेहरेपट्टी’ या रूपाने तो आजही बोलीत शिल्लक आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांवर लक्ष ठेवण्याचे काम होते, आणि जुलमी म्हणून बदनाम झालेल्या घाशीराम कोतवालाच्या कारकिर्दीचा १७९१मध्ये संतप्त जमावाच्या हातून जो शेवट झाला तो पाहता असा अधिकार किती जाचक होऊ शकतो याची त्या काळातील लोकांना पुरेपूर जाणीव होती असे म्हणावे लागते. तरीही या सर्व नोंदी मर्यादित होत्या. त्या सैन्यापुरत्या किंवा एखाद्या राजधानीपुरत्या असत, आणि वर्णन वाचून माणूस ओळखणारा कारकून जितका नजरेचा पक्का, तितक्याच त्या उपयोगी पडत.

खरा बदल घडवला तो कंपनी सरकारच्या न्यायालयांनी. गावात सर्वांना ठाऊक असलेला माणूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात केवळ एक नाव होऊन उभा राहू लागला, आणि तेथे गोताच्या ओळखीपेक्षा कागदाला अधिक मोल आले. दख्खनच्या शेतकऱ्याला हा बदल फार महागात पडला. ज्या कर्जरोख्यातील मजकूर त्याला वाचता येत नव्हता त्याच्यावर त्याची निशाणी असे. कधी ती त्याने केलेली असे, कधी ती आपली नाहीच असे तो सांगे. आणि तो हजर नसताना एकतर्फी हुकूमनामे होऊन जमीन सावकाराकडे जाई. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत लोकांनी प्रामुख्याने सावकारांची खतेपत्रे आणि रोखे हस्तगत करून जाळले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे, कारण त्यांच्या विरुद्ध उभा असलेला खरा प्रतिपक्ष तो कागदच होता. त्यानंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवण्यासाठी नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्यासमोर, करणे आवश्यक ठरवले. निशाणी करणाऱ्याला ओळखणारे कोणीतरी समोर असले पाहिजे, हे जुने तत्त्व सरकारने अशा रीतीने कायद्याच्या भाषेत पुन्हा मान्य केले.

त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर बंगालमध्ये शोधले जात होते, आणि पुढे जगाने तेच स्वीकारले. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने २८ जुलै १८५८ रोजी जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीसाठी करार करताना कागदाच्या मागील बाजूस त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. आपली सही आपली नव्हेच, असे कोनाईला पुढे म्हणता येऊ नये एवढाच त्यात हेतू होता. प्रत्येक माणसाच्या बोटांवरील रेषा वेगळ्या असतात आणि वयाबरोबर त्या बदलत नाहीत, हे हर्शेलला पुढील वीस वर्षांत स्वतः जमवलेल्या ठशांवरून पटत गेले. १८७७मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन ठिकाणी ठसे सुरू केले: निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याने पैसे उचलू नयेत म्हणून, दस्त नोंदणीसाठी, आणि तुरुंगात, शिक्षा झालेल्याऐवजी भलताच माणूस कोठडीत जाऊ नये म्हणून. करार, निवृत्तिवेतन आणि तुरुंग या तिन्ही गोष्टी तेव्हा एकाच टेबलावर होत्या. ठसा हा माणसाच्या हक्काचा आधार होणार की त्याच्यावरील संशयाचा, हे त्या घटकेपर्यंत ठरलेले नव्हते.

ते ठरले पोलिसांच्या हाती. एकट्या ठशाचा उपयोग फार थोडा, कारण समोरच्या माणसाने खोटे नाव सांगितले तर हजारो जुन्या ठशांतून त्याचा नेमका ठसा शोधायचा कसा, हा प्रश्न उरतोच. पॅरिसमधील आल्फाँस बर्तियाँ याने शरीराची मापे घेऊन ती क्रमाने लावण्याची पद्धत बसवली होती आणि बंगाल पोलिसांनीही प्रथम तीच उचलली होती. परंतु मापे घेणाऱ्याच्या हातानुसार आकडे बदलत. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कचेरीत या अडचणीवर जो तोडगा निघाला तो गणिती दृष्टीने अतिशय सुबक आहे. बोटावरील रेषांचे कमान, फास आणि चक्र असे ढोबळ आकार मानले. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या आणि जोड्यांना अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ अशी किंमत दिली. ज्या बोटावर चक्र असेल त्या बोटाला त्याच्या जोडीची किंमत मिळे, नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एकेका बोटाची बेरीज वेगळी करून तीत एक मिळवला की १ ते ३२मधील दोन संख्या येत, आणि ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ खणांच्या कपाटात त्या माणसाच्या पत्रिकेचा खण निश्चित होई. हे गणित ज्यांनी प्रत्यक्षात बसवले ते अझीजुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय पोलीस अधिकारी होते, आणि तरीही ही पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. हा अन्याय वासाहतिक विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडला आहे आणि त्याची नोंद प्रत्येक वेळी नव्याने करणे आवश्यक आहे.

१८९७मध्ये कोलकात्यात जगातील पहिला ठसे विभाग उघडला. पुढच्याच वर्षी जलपाईगुडीकडील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात घरातील बंगाली पंचांगावर उमटलेला डाग एका जुन्या कैद्याच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, मात्र केवळ ठशाच्या आधारे खुनाचा आरोप सिद्ध मानला नाही. १८९९च्या दुरुस्तीने ठसे-तज्ज्ञाचे मत पुराव्यात ग्राह्य ठरले आणि १९०१मध्ये हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये गेल्यावर तेथेही हाच विभाग सुरू झाला. वसाहतीतील प्रजेवर आधी वापरून पाहिलेले साधन नंतर राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात पोहोचावे, हा या तंत्राच्या प्रवासाचा मार्ग आहे.

वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीतही ते गेले. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये १९०६च्या वटहुकुमाने प्रत्येक आशियाई रहिवाशाने नावनोंदणी करून ठसे द्यावेत असे ठरवताच ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जमलेल्या भारतीयांनी त्याला प्रतिकार करण्याची शपथ घेतली, आणि सत्याग्रहाचा आरंभ येथूनच मानला जातो. गांधीजींनी हेन्रींचा ग्रंथ वाचला होता आणि कायद्याने ठसे सक्तीने घेतले जातात ते गुन्हेगारांचेच, हा त्यातून काढलेला निष्कर्ष त्यांनी आपल्या मांडणीत वापरला. पुढे सक्तीचा कायदा मागे घेतला जाईल या समजुतीने त्यांनी स्वेच्छेने ठसे देण्यास मान्यताही दिली, आणि ते वचन पाळले गेले नाही असे दिसल्यावर ऑगस्ट १९०८मध्ये लोकांनी आपली नोंदणीपत्रे जाहीरपणे जाळली. गांधीजींच्या लेखी आक्षेप शाईला नव्हता. तो ठसा कोण, कोणत्या नात्याने मागतो आहे याला होता. महजरावरील निशाणी आणि वटहुकुमाखालील ठसा यांतला फरक त्यांनी बरोबर ओळखला होता.

याच सुमारास हे तंत्र महाराष्ट्रातही सर्वांत कठोर रूपात येऊन पोहोचले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. जात हा पिढीजात धंदा असेल तर गुन्हा हाही काहींचा पिढीजात धंदा असला पाहिजे, असा त्यामागील युक्तिवाद होता, आणि भारतीय समाजाविषयीच्या अर्धवट ज्ञानातून केवढा मोठा अन्याय उभा राहू शकतो याचे तो ठळक उदाहरण आहे. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. जाहीर केलेल्या जमातीतील माणसांची नोंदवही तयार करावी, त्यांच्या बोटांचे ठसे केव्हाही घ्यावेत, त्यांनी ठरावीक वेळी हजेरी द्यावी आणि मुक्काम बदलताना कळवावे, अशी त्यात तरतूद होती. १९२४च्या कायद्याने हे सारे एकत्र केले. मुंबई इलाख्यात कैकाडी, फासेपारधी, कंजारभाट, भामटे, मांग-गारुडी, छप्परबंद अशा अनेक समूहांवर ही नोंद लादली गेली. ज्यांनी आयुष्यात काहीही केले नव्हते त्यांचीही दहा बोटे शाईत बुडाली, कारण नोंद व्यक्तीच्या कृत्याची नव्हती, तर जन्माची होती.

याच कायद्याखाली विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर आदी ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या, ज्यांना लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ओ. एच. बी. स्टार्ट हे सनदी अधिकारी मुंबई इलाख्यातील वसाहतींचे प्रमुख होते आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष कारभार ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे होता. सोलापूरची वसाहत गिरण्यांच्या शहरात होती, त्यामुळे तारेच्या कुंपणातील माणसे कापडगिरण्यांत मजुरीला जात आणि परत येऊन हजेरी देत. शाळा, काम आणि दवाखाना देऊन सुधारणा घडवण्याचा हेतू काही अधिकाऱ्यांच्या मनात प्रामाणिकपणे होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण परवान्यावाचून बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या माणसावर केलेल्या सुधारणेला त्याची संमती होती असे म्हणता येत नाही. कायद्याने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचाही अधिकार दिला होता. भटकंतीवर जगणाऱ्या समाजाच्या दृष्टीने मुक्काम बदलण्यासाठी परवानगी मागावी लागणे याचा अर्थ जगण्याची रीतच गुन्हा ठरणे असा होता.

‘हजेरी’ हा शब्द येथे पुन्हा भेटतो. मोगल लष्करातील हजेरीला उभा राहणारा स्वार पगाराचा हक्कदार म्हणून मोजला जात होता, तर सेटलमेंटमधील माणूस पळून गेला नाही ना, एवढ्यासाठी.

बाकीच्या मराठी समाजात ठशाने शांतपणे वेगळेच काम केले. दस्तांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द आले आणि नांगर, रापी, हातोडा ही चित्रे हळूहळू नाहीशी झाली. नांगर काढणारा कुणबी त्या चित्रातून आपण कोण आहोत हे सांगत असे, तर अंगठा देणारा केवळ आपल्याला लिहिता येत नाही एवढेच सांगू लागला. ‘अंगठेबहाद्दर’ हा हिणवणारा शब्द रूढ झाला तो या बदलानंतर. कसबाची खूण जाऊन तिच्या जागी अज्ञानाची खूण आली, आणि या देवघेवीची दखल मराठी समाजाने पुरेशी घेतलेली नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला आणि त्याच्या कचाट्यातील समूह ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. हा दिवस ते आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी दप्तर गेले नाही. निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले, मुंबई राज्याचा कायदा १९५९चा आहे, आणि ‘सराईत’ कोणाला म्हणायचे हे ठरवताना पोलीस ठाण्यातील जुनी समजूत कामी येत राहिली. ‘उचल्या’ या लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनातून या समजुतीखाली वाढणाऱ्या मुलाचे जग मराठी वाचकांसमोर आले आणि १९८८मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उत्तर प्रदेशातील खडकसिंग यांनी पोलिसांच्या पाळतीविरुद्ध दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री घरात शिरून तपासणी करण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला, पण खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने तेव्हा मान्य केले नाही.

दहा बोटांचे ठसे सर्वांचेच घेण्याची वेळ खडकसिंग निकालानंतर सुमारे अर्ध्या शतकाने आली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिली आधार पत्रे देण्यात आली. दहा बोटे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि छायाचित्र यांच्यावरून बारा अंकी क्रमांक देण्याच्या या योजनेत यंत्र दोन प्रकारची कामे करते. नोंदणीच्या वेळी नव्या माणसाचे ठसे आधीच्या सर्वांशी ताडून तो दुसऱ्यांदा नोंदला जात नाही ना हे पाहिले जाते, आणि पुढे प्रत्येक वेळी समोरच्याचा ठसा केवळ त्याच्याच साठवलेल्या नोंदीशी ताडला जातो. पहिले काम हेन्रींच्या १,०२४ खणांचे आहे आणि दुसरे हर्शेलच्या निवृत्तिवेतनाच्या टेबलावरचे. हक्क पोहोचवण्याचा हेतू येथे उघड आहे, आणि मधला माणूस दुसऱ्याच्या नावाने धान्य उचलतो ही तक्रारही खरी होती.

परंतु ज्याला धान्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच बोटांवरील रेषा ऊसतोडीने, दगडकामाने, विडीच्या पानांनी आणि वयाने झिजलेल्या असतात. दोनशे वर्षांपूर्वी ज्या अवजाराने माणसाची ओळख कागदावर उमटत होती, तेच अवजार आता यंत्रासमोरची त्याची ओळख पुसते. रास्त भाव दुकानातील यंत्र ठसा नाकारते तेव्हा त्याला ओळखणारे दहाजण रांगेत उभे असले तरी त्यांच्या शब्दाला त्या क्षणी किंमत नसते. बुबुळाची तपासणी किंवा मोबाइलवर येणारा संकेतांक असे पर्याय आहेत, पण ते दुकानदाराच्या हातात, विजेवर आणि जाळ्याच्या उपलब्धतेवर अवलंबून आहेत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आधारला आव्हान देणाऱ्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला आणि खडकसिंग निकालातील उलटा भाग रद्द ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा टिकला, मात्र खासगी कंपन्यांनी करारान्वये आधार मागण्याची वाट बंद झाली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा निकाल विरुद्ध मताचा होता. वैयक्तिक विदा, म्हणजे माणसाला ओळखता येईल अशी त्याच्याविषयीची कोणतीही माहिती, जपण्यासाठी २०२३मध्ये स्वतंत्र कायदा झाला, परंतु सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाटही त्यातच ठेवलेली आहे. दुसरीकडे २०२२च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने १९२०च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन ठशांबरोबर बुबुळांच्या प्रतिमा आणि जैविक नमुने घेण्याची मुभा दिली आणि त्या नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद केली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटल्यास त्याची नोंद नष्ट करण्याचे कलम त्यात आहे, आणि ते प्रत्यक्षात पाळले जाते की नाही यावर विमुक्तांच्या वस्त्यांतील पोरांचे बरेच काही अवलंबून आहे.

ज्यांच्याविषयी सरकारने सर्वांत बारकाईने लिहून ठेवले त्यांच्याकडेच आज स्वतःविषयीचा कागद नाही, हा या इतिहासाचा सर्वांत क्लेशदायक भाग आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला मिळवण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. जो आजा गावोगाव फिरत होता, ज्याच्या नावे सातबारा नव्हता आणि जो शाळेत गेला नव्हता, त्याच्या नातवाने हा पुरावा आणायचा कोठून? तो पुरावा अनेकांच्या बाबतीत एके काळी लिहिला गेला होता: सेटलमेंटच्या हजेरीपटात, नोंदवहीत आणि ठशांच्या पत्रिकांत, नाव, जमात, मुक्काम आणि तारीख यांसह. राज्याच्या पुराभिलेखागारांत, जिल्हा कचेऱ्यांत आणि पोलिसांच्या दप्तरखान्यांत या नोंदवह्या जेथे जेथे शिल्लक असतील तेथून त्या शोधून काढाव्यात, त्यांची गावनिहाय सूची करावी आणि नोंदलेल्या माणसांच्या वारसांना त्यांची प्रत विनामूल्य द्यावी.